मुंबईच्या नभोवाणीचा टापू व ४२.३४ मीटरची लहर

एखाद्या किल्ल्याचा अंमल कोणकोणत्या गांवांवर चालत होता हें ठरवावयाचें झालें म्हणजे आम्ही सनदा, महजर व वसुलाचे ताळेबंद उलगडून पाहतों. गांवाचें नांव ताळेबंदांत आढळलें तर अंमल होता, न आढळलें तर नव्हता, असा निदान कच्चा हिशेब तरी मांडतां येतो. परंतु ज्या संस्थेचा सगळा व्यवहार बोललेल्या शब्दांचा, आणि तेही उच्चारल्या क्षणींच अवकाशांत विरून जाणारे, तिचा अंमल कोठवर होता हें कशावरून ठरवावें? मुंबईच्या नभोवाणीचा इतिहास लिहूं जाणारास ही अडचण पहिल्या पानापासून पडते. केंद्र केव्हां उघडलें, कोणत्या लाटसाहेबांनीं उघडलें, यंत्र किती किलोवॅटचें होतें, हें सर्व छापील मिळतें. तें कोठें ऐकूं येत होतें, हा प्रश्न मात्र बहुतेक लेखकांनीं एका वाक्यांत उरकला आहे. पुढें १९४२ सालच्या गुप्त काँग्रेस रेडिओपाशीं आलों कीं ही हयगय चांगलीच भोंवते. कारण त्या केंद्राचा पहिला दिवस कोणता व त्याची लहर कोणती, ह्या दोन्ही बाबतींत निरनिराळे वृत्तांत निरनिराळे आकडे देतात, आणि टापूची व लहरीची समजूत पक्की असल्यावांचून त्यांचा निवाडा होत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत आधीं सरकारमान्य केंद्राचा टापू व मग गुप्त केंद्राची लहर, असा क्रम आम्ही धरिला आहे.

मुंबईंतील ध्वनिक्षेपणाचा पहिला गाजलेला प्रयोग ऑगस्ट १९२१ मधील होय. टाइम्स ऑफ इंडिया पत्रानें टपाल व तार खात्याच्या साहाय्यानें आपल्या कचेरींतून गाण्याबजावण्याचा एक खास कार्यक्रम सोडला, व गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनीं तो पुण्यास बसून ऐकला. मुंबई ते पुणें हें अंतर सरळ रेषेनें सुमारें ७५ मैल. मध्यें सह्याद्रीची भिंत. एवढ्यावरून १९२१ सालीं मुंबईच्या आवाजाचा टापू पुण्यापर्यंत होता असें कोणी लिहील तर तें सपशेल चुकीचें होईल. स्वारी आणि अंमल ह्यांत जो भेद तोच येथें आहे. एखाद्या रात्रीं, खास उभारलेल्या यंत्रावर, जाणत्या माणसाच्या हातीं आवाज ऐकूं येणें ही स्वारी. तोच आवाज साध्या घरीं, साध्या यंत्रावर, पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत रोज ठरल्या वेळीं ऐकूं येणें हा अंमल. नभोवाणीचे जुने वृत्तांत वाचतांना ही कसोटी सतत हाताशीं ठेवावी लागते, कारण उत्साही श्रोते व त्याहून उत्साही चालक स्वारीलाच अंमल म्हणत आले आहेत.

जून १९२३ पासून बाँबे रेडिओ क्लबानें हौशी कार्यक्रम सुरू केले. त्यांचा येथें निर्देश पुरे.

अंमलाची सुरुवात झाली ती २३ जुलै १९२७ रोजीं. त्या दिवशीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्तें उघडलें. कंपनीची कचेरी अपोलो बंदरावर रेडिओ हाऊसमध्यें व ध्वनिक्षेपक यंत्र वरळीस, असा थाट होता. यंत्राची शक्ति दीड किलोवॅट, लहर ३५७.१ मीटरची, म्हणजे कंपनसंख्या सुमारें ८४० किलोसायकल. कंपनीचें दुसरें केंद्र महिन्याभरानें, २६ ऑगस्ट रोजीं, कलकत्त्यास उघडलें. त्याचीही शक्ति तेवढीच होती. ह्या दोन्ही यंत्रांचा भरंवशाचा टापू सुमारें ३० मैलांचा धरीत असत.

हें ३० मैलांचें वर्तुळ नकाशावर वरळीस परकाराचें टोंक रोवून काढून पाहावें, म्हणजे बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. वसई, कल्याण, पनवेल व अलिबाग एवढीं गांवें आंत येतात. कर्जत बाहेर राहतें, खंडाळा-लोणावळें तर दूरच. पुणें, नाशिक, सातारा ह्यांचा प्रश्नच नाहीं. वर्तुळाचा जवळजवळ अर्धा भाग अरबी समुद्रांत पडतो, व तेथें परवाना घेणारें कोणी नव्हतें! परंतु समुद्राची एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मध्यम लहरी भूपृष्ठाला चिकटून चालतात. खारें पाणी विजेचें उत्तम वाहक असल्यानें त्यावरून त्या फारशा न झिजतां जातात, आणि कोरड्या काळ्या फत्तरावर त्यांचा जोर लवकर मावळतो. म्हणून परकारानें काढलेलें वर्तुळ हें खऱ्या टापूचें चित्र नव्हे. खरा टापू किनाऱ्याच्या अंगानें लांबट व घाटाच्या अंगानें आंखूड असला पाहिजे. अलिबागेच्या आवाजांत व कल्याणच्या आवाजांत फरक पडत असला पाहिजे, जरी दोन्ही गांवें वरळीपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत.

केंद्र उघडण्यास जुलै महिना धरला, ह्याबद्दल कंपनीच्या चालकांचें आम्हांस नवल वाटतें. विजांचा कडकडाट मध्यम लहरींत खरखर होऊन उतरतो, व ती खरखर शेंकडों मैलांवरच्या विजेचीही असूं शकते. ऐन पावसाळ्यांत दीड किलोवॅटच्या आवाजाला ह्या आभाळाच्या गोंगाटाशीं झुंजावें लागलें.

शहरांत दुसरा गोंगाट होता तो माणसानें केलेला. ट्राम विजेवर चालूं लागली ती १९०७ सालीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. खोपोलीची वीज १९१५ पासून गिरण्यांना मिळूं लागली होती. तारेवरून घसरणाऱ्या दांड्याची ठिणगी व विजेच्या मोटारीच्या ब्रशाची ठिणगी ह्या दोन्ही बिनतारीच्या भाषेंत छोटे ध्वनिक्षेपकच होत. परळ-लालबागेंत अशा ठिणग्यांचा सुकाळ. सुदैवानें वरळीचें यंत्र तेथून दोन-तीन मैलांवर, त्यामुळें आवाज एवढा जवळचा व जोरकस कीं, गोंगाट त्याखालीं दडपला जाई. दिव्याच्या यंत्राशिवाय, नुसत्या स्फटिकावर व कानाला लावावयाच्या श्रवणनळ्यांवर तो ऐकतां येण्यासारखा होता. टापूच्या कडेला मात्र शिल्लक उरलेला आवाज व स्थानिक गोंगाट ह्यांचें बल बरोबरीस येतें, आणि तेथेंच अंमलाची हद्द संपते. ही हद्द मैलांनीं ठरत नाहीं. गोंगाट वाढला कीं ती आंत सरकते. शक्ति न वाढवितां वीस वर्षें तेंच यंत्र चालविलें तर शहर वाढतें तसा टापू घटतो, असा हा उलटा हिशेब आहे.

तीस मैलांच्या टापूंत कंपनीचा प्रपंच चालणें कठीणच होतें. परवान्याची फी सालीना १० रुपये, व तिचा ८० टक्के भाग कंपनीस मिळे. १९२७ अखेर साऱ्या हिंदुस्थानांत परवाने निघाले ते ३,५९४. १९३० अखेर ही संख्या ७,७१९ वर गेली. तत्पूर्वींच, १ मार्च १९३० रोजीं, कंपनी दिवाळ्यांत निघाली होती व १ एप्रिलपासून सरकारनें केंद्रें आपल्याकडे घेतलीं होतीं. कंपनी बुडाली ती कार्यक्रम नीरस म्हणून, असें सांगण्याची चाल आहे. आम्हांस ती पटत नाहीं. ज्या मुलुखांत आवाजच पोंचत नाहीं तेथील लोक नीरस कार्यक्रमाला कंटाळून परवाना टाळतात, असें कसें म्हणावें?

परवान्यांचीं पुस्तकें हें टापू ठरविण्याचें साधन म्हणून कांहीं संशोधक पुढें करितात. हें साधन मोलाचें खरें, पण जपून वापरावें. यंत्र कोणत्या गांवीं होतें एवढेंच परवाना सांगतो. मालक कोणतें केंद्र ऐकत होता हें सांगत नाहीं. १९ डिसेंबर १९३२ पासून लंडनहून साम्राज्यासाठीं लघुलहरींवर कार्यक्रम होऊं लागला, व त्यानंतर येथील परवाने झपाट्यानें वाढले. तेव्हां १९३४ सालचा एखादा परवाना सोलापूरचा किंवा अकोल्याचा सांपडला तर तो मुंबईच्या टापूचा पुरावा नसून बहुधा लंडनच्या टापूचा पुरावा होय. दप्तरांत एका खात्याच्या रुमालांत दुसऱ्या खात्याचा कागद शिरावा, तशांतला हा प्रकार आहे.

टापू वाढविण्याचा विचार खऱ्या अर्थानें १९३६ सालीं झाला. त्या वर्षीं लंडनच्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनचे अभियंते कर्क ह्यांनीं येथें येऊन पाहणी केली व मुख्यतः मध्यम लहरींच्या केंद्रांची योजना सुचविली. त्यांच्यामागून मुख्य अभियंते म्हणून आलेले गॉयडर ह्यांनीं ती फिरविली. एवढ्या विस्तीर्ण देशांत मध्यम लहरींचीं वर्तुळें किती काढणार? पैसा तर थोडा. म्हणून त्यांनीं लघुलहरींवर भर दिला. हे गॉयडर म्हणजे १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं लंडनच्या मिल हिल शाळेंत विद्यार्थी असतांना न्यूझीलंडशीं बिनतारीनें प्रथम दुहेरी संभाषण करणारे तेच. लघुलहर थोडक्या शक्तीनें किती लांब जाते हें ज्यानें शाळकरी वयांत स्वतः पाहिलें, त्यानें अधिकारावर आल्यावर लघुलहरीचा पक्ष घेतला ह्यांत आश्चर्य नाहीं.

ह्या धोरणानुसार ४ फेब्रुवारी १९३८ रोजीं मुंबईस १० किलोवॅटचें लघुलहर यंत्र सुरू झालें. त्याबरोबर टापूचा आकारच बदलला. लघुलहर आकाशांत वर जाऊन विद्युद्भारित थरावर आपटून खालीं येते. त्यामुळें ती जवळच्या कांहीं मैलांत भूपृष्ठानें ऐकूं येते, मग एक मुका पट्टा लागतो, व त्यापलीकडे शेंकडों मैल पुन्हा ऐकूं येते. वर्तुळाऐवजीं कंकण, असें ह्या टापूचें रूप. घाटावरील महाराष्ट्राला मुंबईचा नित्य आवाज ह्या लघुलहरीनें प्रथम दिला. पुण्यास स्वतःचें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ पर्यंत नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे तिचें महत्त्व कळून येईल.

मध्यम लहरीचें यंत्र मात्र तेंच दीड किलोवॅटचें राहिलें, व तें स्वराज्य येईपर्यंत तसेंच होतें. लखनौ (१९३८) व त्रिचनापल्ली (१९३९) हीं मागाहून झालेलीं केंद्रें पांच-पांच किलोवॅटचीं. दिल्लीचें (१९३६) वीस किलोवॅटचें. वडील मुलाला जुनें धोतर व धाकट्यांना नवें, अशी ही वांटणी झाली. भरींत भर म्हणून मुंबईची मध्यम लहर बदलली. १९४० च्या सुमारास ती ३५७.१ मीटरवर नसून २४४ मीटरवर, म्हणजे १,२३१ किलोसायकलवर होती. लहर जितकी आंखूड तितकी ती जमिनीवर लवकर झिजते; म्हणजे शक्ति तीच राहून जमिनीकडील टापू आणखी घटला. नुसते किलोवॅटचे आकडे पाहून टापू ठरविणारे लेखक ह्या ठिकाणीं फसतात.

येथपर्यंतची हकीकत सरकारमान्य केंद्राची. आतां १९४२ कडे वळूं.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं गवालिया तळ्यावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशीं पहाटे पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध पडले. अशा वेळीं विल्सन कॉलेजांत शिकलेल्या उषा मेहता, विठ्ठलदास ऊर्फ बाबुभाई खाकर, चंद्रकांत झवेरी व विठ्ठलदास झवेरी ह्या तरुण मंडळींनीं गुप्त ध्वनिक्षेपण केंद्र चालविलें. यंत्र नरिमन प्रिंटर ह्या तंत्रज्ञानें जोडून दिलें. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने ह्यांचें साहित्य उपयोगीं पडलें. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, पुरुषोत्तम त्रिकमदास ह्यांचा त्यास आधार होता. आरंभ चौपाटीवरील सी व्ह्यू इमारतींतून झाला. पुढें लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगांवांतील पारेखवाडी, महालक्ष्मी देवळाजवळचा पॅरडाइज बंगला अशीं ठिकाणें बदलत गेलीं. हीं सर्व ठिकाणें पायीं हिंडून एका दिवसांत पाहून होतात. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं छापा घालून केंद्र बंद पाडलें.

आतां लहरीचा वाद. सामान्यतः ४२.३४ मीटर हा आकडा दिला जातो. कांहीं वृत्तांतांत ४१.७८ मीटर असा आढळतो. एक खरा व दुसरा छापण्याची चूक, असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण दोन्ही आकडे कंपनसंख्येंत बदलून पाहिले तर पहिला सुमारें ७,०८५ व दुसरा सुमारें ७,१८० किलोसायकल येतो, आणि येथें एक महत्त्वाची गोष्ट नजरेस येते. ७,००० ते ७,३०० किलोसायकल हा पट्टा १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनें हौशी बिनतारीवाल्यांस दिला होता. १९३८ च्या कैरो परिषदेनें त्यांतील ७,२०० पासून वरचा भाग अमेरिकेबाहेरील देशांत ध्वनिक्षेपणासही खुला केला. दोन्ही आकडे ७,२०० च्या खालीं, म्हणजे निव्वळ हौशी लोकांच्या वांट्यांत पडतात. प्रिंटर ह्यांना हौशी बिनतारीची विद्या अवगत होती व यंत्र त्याच सामानाचें. युद्ध सुरू होतांच १९३९ सालीं सरकारनें हौशी परवाने रद्द केले. तेव्हां १९४२ सालीं हा पट्टा म्हणजे मालक हांकून दिलेलें, पडीक टाकलेलें शेत होतें. आणि त्याच्या बांधाला लागून ४१ मीटरचें सरकारी शेत, जेथें श्रोत्याची सुई नित्य फिरत असे. सरकारी लहरीवरून सुई किंचित् सरकवावी कीं गुप्त केंद्र लागावें, ह्याहून सोयीची जागा शोधून सांपडली नसती. ही निवड यंत्राच्या घडणीनें झाली कीं बुद्धिपुरस्सर झाली हा भाग निराळा; घडणीनेंच झाली असें मानण्याकडे आमचा कल आहे.

मग दोहोंपैकीं आकडा कोणता? घरगुती श्रोत्याच्या यंत्रावरील कांच पाहिलेली असेल त्यास ठाऊक आहे कीं, तीवर मीटरच्या दशांशाचा दशांश वाचतां येत नाहीं. म्हणून दोन दशांशस्थळें असलेला कोणताही आकडा श्रोत्याच्या आठवणींतून आलेला असूं शकत नाहीं. तो एक तर केंद्राच्या स्वतःच्या घोषणेंतून किंवा मोजणीच्या खास उपकरणावरून आलेला असला पाहिजे. ४२.३४ हा घोषणेंतला आकडा होय. पत्रावरच्या शिक्क्याप्रमाणें तें केंद्राचें नांवच होतें, व नांव म्हणून तें ग्राह्य आहे. मात्र शिक्क्यांत कोरलेलें व प्रत्यक्षांत असलेलें ह्यांत अंतर असूं शकतें. दोन आकड्यांतील फरक शेंकडा सव्वा-दीडहून अधिक नाहीं. हातानें जोडलेलें व वरचेवर घरोघर हलविलेलें यंत्र नव्या जागीं नव्या एरियलला जोडतांना एवढें सरकणें अशक्य नाहीं. शिवाय ४१.७८ ही जागा सरकारी हद्दीला अगदीं खेटून आहे, तेथून ४२.३४ कडे सरकणें म्हणजे व्यत्ययापासून दूर जाणें होय. तेव्हां आकडे परस्परविरोधी न मानतां एकाच शेतांतील दोन जागा मानाव्या, व केंद्राची ओळख म्हणून ४२.३४ च लिहावा, असा आमचा निर्णय आहे.

तारखेच्या बाबतींत १४ ऑगस्ट व २७ ऑगस्ट असे दोन पक्ष आहेत. पहिला आठवणींच्या परंपरेंतून आलेला, दुसरा सरकारी कागदांच्या आधारें चालत आलेला. बखर व पत्र ह्यांच्यांत विरोध आला असतां पत्र उचलावें हा नेहमींचा नियम. परंतु नियमावर विसंबण्यापेक्षां कामाचा क्रम पाहावा. ९ ऑगस्टच्या धरपकडीनंतर पैसा जमविणें, तंत्रज्ञ गांठणें, जप्तींतून वांचलेले सुटे भाग एकत्र करणें, समुद्राकडे तोंड असलेली जागा भाड्यानें घेणें, एरियल चढविणें, व बाहेर कोणा विश्वासू माणसास यंत्रापाशीं बसवून आवाज लागतो कीं नाहीं ह्याची चांचणी घेणें, एवढें सर्व पांच दिवसांत उरकलें असें मानणें आम्हांस जड जातें. संकल्प व जुळवाजुळव १४ च्या सुमारास आणि नियमित ध्वनिक्षेपण २७ पासून, असें मानल्यास दोन्ही पक्षांचा मान राहतो. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून, ७८ दिवस होतात.

ह्या ७८ दिवसांत आवाज कोठवर गेला? ७,०८५ किलोसायकलची लहर रात्रीं शेंकडों मैल जाते हें निर्विवाद. परंतु तिचाही टापू कंकणाकृतिच. गिरगांवापासून कांहीं मैलांत, म्हणजे दादर-परळपर्यंत, ती भूपृष्ठानें पोंचेल. त्यापुढें, रात्र चढून वरचा थर विरळ होईल तसतसा मुका पट्टा रुंदावत जाईल. ह्या पट्ट्यांत पुणें व नाशिक केव्हां सांपडत व केव्हां सुटत, हें त्या त्या दिवसाच्या वेळेवर अवलंबून. नागपूर व त्यापलीकडचा मुलूख उलट अधिक अनुकूल. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची बातमी ह्या केंद्रानें दिली. ती बातमी जेथून आली त्या वऱ्हाड-नागपुराकडे आवाज परत ऐकूं जाणें हें शास्त्रदृष्ट्या पुण्याला ऐकूं जाण्यापेक्षां सोपें होतें, ही गंमत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आणि ऐकणारे किती? १९३९ अखेर साऱ्या देशांत परवाने सुमारें ९२ हजार. त्यांतील लघुलहर घेणारीं यंत्रें त्याहून कमी. ‘साऱ्या देशानें ऐकलें’ हें वाक्य स्वारीच्या अर्थानें खरें आहे, अंमलाच्या अर्थानें नाहीं. केंद्राचें मोल त्यामुळें यत्किंचित् कमी होत नाहीं. चिठ्ठीचें मोल ती किती जणांनीं वाचली ह्यावर कोण ठरवितो?

सरकारनें ह्या लहरीवर मुद्दाम गोंगाट सोडून ती बुजविण्याचा प्रयत्न केला, असें चालविणाऱ्यांच्या आठवणींत आहे. असा गोंगाट परिणामकारक होतो तो गोंगाट करणाऱ्या यंत्राच्या जवळपास. कारण त्यासही तोच मुक्या पट्ट्याचा नियम लागू. मुंबईंत गोंगाट केल्यास मुंबईचे श्रोते बहिरे होतील, दूरचे सर्वच होतील असें नाहीं. शिवाय शोधाच्या दृष्टीनें गोंगाट हें दुधारी शस्त्र. दिशाशोधक गाड्यांना गुप्त आवाज स्वच्छ ऐकूं यावा लागतो. त्यावर आपणच गोंगाट घातला तर शोधणारेही आंधळे. त्यांतही गिरगांवासारख्या दाट वस्तींत लोखंडी तुळया, नळ व विजेच्या तारा लहरीला ठिकठिकाणीं परतवितात, आणि सुई भलत्याच इमारतीकडे बोट दाखविते. अखेर केंद्र सांपडलें तें उपकरणांनीं नव्हे. यंत्र जोडून देणारा तंत्रज्ञ पोलिसांच्या हातीं लागल्यावर त्यानें वाट दाखविली, ह्याबद्दल बहुतेक वृत्तांतांचें एकमत आहे.

खटला विशेष न्यायालयापुढें चालला. खाकर ह्यांस पांच वर्षें, उषा मेहता ह्यांस चार वर्षें व चंद्रकांत झवेरी ह्यांस एक वर्ष अशी सजा झाली; विठ्ठलदास झवेरी व मोटवाने सुटले. ह्या खटल्यामुळेंच इतिहासाला एक अपूर्व साधन लाभलें. केंद्राच्या चालकांनीं आपलीं भाषणें जपून ठेवणें म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा जपणें होतें. जपलीं तीं शत्रूनें. पोलिसांनीं तीं ऐकून टिपून घेतलीं व न्यायालयांत दाखल केलीं. त्यांवरूनच आज तीं आपणांस वाचावयास मिळतात, व उषा ठक्कर ह्यांच्या २०२१ सालच्या इंग्रजी ग्रंथानें तीं अभ्यासकांच्या हातीं सुलभतेनें आलीं आहेत. पोर्तुगीज दप्तरांतून शिवकालाची माहिती मिळावी, तसाच हा प्रकार. शत्रूच्या लेखणीचे दोष त्यांत असणारच, पण एक गुणही आहे: त्याला वाक्य शोभिवंत करण्याची गरज नव्हती. ह्या टिपणांत जेथें वाक्य तुटलेलें दिसेल तेथें मजकूर गाळला असा संशय घेण्यापूर्वीं आवाज खालीं बसला किंवा गोंगाट चढला ही शक्यता आधीं तपासावी. जुन्या पोथींत कसर लागलेलें पान असतें, तशी ही लहरीची कसर होय.

मात्र टापूच्या दृष्टीनें ह्या टिपणांचा उपयोग मर्यादित आहे. तीं एवढेंच सिद्ध करितात कीं, टिपणारा जेथें बसला होता तेथें आवाज येत होता. सीमा ठरवावयाची तर दुसरीं ठिकाणें पाहिजेत. आमच्या वाचकांपैकीं अनेकांपाशीं घराण्यांच्या रोजनिश्या, जमाखर्चाच्या वह्या, जुन्या यंत्रांबरोबर आलेलीं परवान्यांचीं पुस्तकें व ‘इंडियन लिसनर’चे अंक आहेत. यंत्रांच्या कांचा तपासतांना एक सावधगिरी: २३ नोव्हेंबर १९७८ पासून मध्यम लहरींच्या कंपनसंख्या नऊ-नऊ किलोसायकलांच्या अंतरानें नव्यानें बसविल्या गेल्या, म्हणून त्यानंतरच्या आकड्यांवरून आधींचें केंद्र ओळखूं नये. पण कांचांहून मोलाची गोष्ट रोजनिशींतील आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ ह्या काळांत सातारा, कोल्हापूर, जळगांव, अमरावती, नागपूर, बेळगांव अशा कोणत्याही ठिकाणीं ‘रात्रीं काँग्रेसचा रेडिओ लागला’ किंवा ‘लागला नाहीं’ एवढी एक ओळ कोणी लिहून ठेविली असेल, तर ती मंडळाकडे कळवावी. ‘लागला नाहीं’ ही नोंद ‘लागला’ इतकीच उपयोगी आहे. ओळीखालीं तारीख, वेळ व गांवाचें नांव असल्यास त्या कंकणाच्या कडेवर एक पक्का दगड बसेल.